संगणक शंका-समाधान : रजिस्ट्रीतला फेरफार

या वेळी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या बऱ्याच पत्रांत एक गोष्ट समान आहे. लिहिणाऱ्यांनी कुठल्या तरी व्हिडिओत पाहून विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल केला आहे, किंवा ते तो करण्याच्या बेतात आहेत. म्हणून हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पडद्यावर रजिस्ट्रीतील नावे इंग्रजीत दिसतात. येथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत आणि जिथे स्पेलिंगवर सगळे अवलंबून आहे, तिथे अक्षरे सुटी करून सांगितली आहेत.

प्रश्न : सर, रजिस्ट्री म्हणजे नेमके काय? आमच्या शाळेच्या संगणकावर एक प्रोग्रॅम आपोआप उघडतो, रजिस्ट्रीत बाराशे चुका असल्याचे सांगतो आणि पैसे भरल्यास त्या दुरुस्त करतो म्हणतो. भरावेत का? (शिक्षिका, विटा)

उत्तर : पैसे भरू नयेत, आणि तो प्रोग्रॅम काढून टाकावा. कोणती फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची, कोणाच्या खात्याचे फोल्डर कुठे आहे, संगणक चालू होताच काय काय सुरू करायचे, अशा विंडोजला लक्षात ठेवाव्या लागणाऱ्या असंख्य बाबी ज्या एका दप्तरात नोंदलेल्या असतात, ते दप्तर म्हणजे रजिस्ट्री. पूर्वी प्रोग्रॅम आपापल्या सेटिंग 'आयएनआय' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवत असत. १९९२ मध्ये आलेल्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्रीचे छोटे रूप प्रथम दिसले आणि विंडोज ९५ पासून ती सगळ्या कारभाराचे मुख्य दप्तर झाली. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या काही मृत नोंदी तिच्यात राहतात, हे खरे आहे. पण विंडोज हे दप्तर दर वेळी पहिल्या पानापासून वाचत नाही, हवा तो कप्पा थेट उघडते. त्यामुळे त्या नोंदी पुसल्याने संगणक वेगवान होत नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमच्या वापराला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही, कारण अशा प्रोग्रॅमने उपयोगाची नोंद पुसली, तर विंडोज पुन्हा टाकण्याची पाळी येऊ शकते.

आता जी गोष्ट पुढच्या सगळ्या उत्तरांना लागू आहे, ती येथेच सांगतो. आपल्याकडे सातबाऱ्यावरचे एखादे नाव कमी होते, तेव्हा त्याला कंस होतो, शेजारी फेरफार क्रमांक पडतो आणि कित्येक वर्षांनी कोणी तो फेरफार काढून पाहिला, तरी काय बदलले आणि कशामुळे बदलले ते कळते. रजिस्ट्रीत फेरफार नावाची सोयच नाही. रजिस्ट्री एडिटरमध्ये 'सेव्ह'चे बटण नसते आणि मागे फिरण्याचीही सोय नसते. 'ओके' दाबताच जुना आकडा जातो आणि तो काय होता, हे कुठेही लिहिलेले राहत नाही. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका गिऱ्हाइकाच्या मशीनमधली नोंद, ती नको असलेली आहे असे समजून, न लिहिता पुसली होती. ती त्यांच्या बारकोड यंत्राची निघाली आणि तिचा मूळ मजकूर मिळवायला दोन दिवस गेले, तोवर त्यांचे दुकान हाताने बिले फाडत होते. तेव्हापासून टेबलावर दोनशे पानी वही आहे. तारीख, मशीन, नोंदीचा पत्ता, जुना मजकूर, नवा मजकूर, एवढे लिहिल्याशिवाय मी काही बदलत नाही.

वहीच्या जोडीला, ज्या कप्प्यात बदल करायचा आहे त्यावर माउसचे उजवे बटण दाबून 'एक्सपोर्ट' निवडावे. त्या कप्प्याची प्रत 'रेग' फाइल म्हणून मिळते. मात्र ही प्रत पुन्हा चढवल्यास बदललेल्या आणि पुसलेल्या नोंदी परत येतात, आपण नव्याने घातलेली नोंद निघत नाही. ती हातानेच काढावी लागते, आणि त्यासाठीही वहीच लागते.

प्रश्न : मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. शनिवारी संध्याकाळी काम चालू असताना वीज गेली. सोमवारी संगणक चालू केला, तर डेस्कटॉप कोरा, हिशोबपट्ट्या आणि वजनाच्या याद्या गायब, आणि कोपऱ्यात टेंपररी प्रोफाइल अशी सूचना. दुरुस्तीवाले म्हणतात, फॉरमॅट मारावा लागेल. मालकांना काय सांगू? (सांगली)

उत्तर : मालकांना सांगा की दुकानाचे दप्तर बहुधा जागेवरच आहे आणि फॉरमॅट मारायचा नाही. आपल्या खात्याच्या सगळ्या सेटिंग 'एनटीयूजर.डॅट' नावाच्या एका फाइलीत असतात आणि लॉगिन करताना विंडोज ती उघडते. वीज अवेळी गेल्याने ती फाइल अर्धवट लिहिली गेली, किंवा अँटिव्हायरसने नेमकी त्याच क्षणी ती अडकवून ठेवली, तर विंडोजला आपले खाते उघडता येत नाही. मग ती वेळ मारून नेण्यासाठी एक तात्पुरते, कोरे खाते उभे करते. आपल्याला जो डेस्कटॉप दिसतो आहे, तो त्या परक्या खात्याचा आहे.

म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, या कोऱ्या डेस्कटॉपवर एकही नवी पट्टी करून ठेवू नका. लॉगआउट होताच तात्पुरते खाते त्यातल्या सगळ्या फाइलींसह पुसले जाते. जुन्या याद्या गेल्या असे वाटत असताना त्या सुखरूप होत्या, आणि घाबरून दोन दिवस नव्याने केलेले काम मात्र कायमचे गेले, असे माझ्या पाहण्यात एकदा नव्हे, अनेकदा आले आहे. आधी सी ड्राइव्ह उघडा, त्यातील 'यूजर्स' फोल्डरात आपल्या नावाचे फोल्डर शोधा आणि त्यातील 'डेस्कटॉप' व 'डॉक्युमेंट्स' पाहा. फाइली दिसल्या की त्यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. त्यानंतर संगणक दोन-तीन वेळा रिस्टार्ट करा; अँटिव्हायरसचा अडथळा असेल, तर खाते एवढ्यानेच परत येते.

तरीही न आल्यास रजिस्ट्रीकडे वळावे. विंडोजचे बटण आणि 'आर' एकत्र दाबून 'रेजएडिट' (आर-ई-जी-ई-डी-आय-टी) टाइप करा, म्हणजे रजिस्ट्री एडिटर उघडेल. मग 'एचकी लोकल मशीन', 'सॉफ्टवेअर', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज एनटी', 'करंटव्हर्जन', 'प्रोफाइललिस्ट' असे आत आत जा. २०१७ पासूनच्या विंडोज १० मध्ये वरच्या पट्टीत हा पत्ता थेटही लिहिता येतो. येथे 'एस-१-५-२१' ने सुरू होणारी लांबलचक नावे दिसतील. प्रत्येक नाव म्हणजे एक खाते. आपल्या खात्याचे नाव दोनदा दिसेल, एकदा साधे आणि एकदा शेवटी '.बॅक' (बी-ए-के) असलेले. '.बॅक' असलेल्या कप्प्यात 'प्रोफाइलइमेजपाथ' ही नोंद वाचा. तिच्यात आपल्या जुन्या फोल्डराचा पत्ता असेल, तर तेच आपले खरे खाते. 'प्रोफाइललिस्ट'ची प्रत घ्या. मग नावांची अदलाबदल करा : साध्या नावाच्या शेवटी '.बीए' जोडा, खऱ्या खात्याच्या नावातील '.बॅक' काढा आणि शेवटी '.बीए'चे '.बॅक' करा. दोन नावे एकसारखी राहू शकत नाहीत, म्हणून हा तीन पायऱ्यांचा वळसा. आता खऱ्या खात्याच्या कप्प्यात 'स्टेट' ही नोंद उघडून तिचा आकडा शून्य करा आणि 'रेफकाउंट' अशी नोंद असल्यास तिचाही. जुने आकडे वहीत लिहिलेले असू द्या. रिस्टार्ट केल्यावर आपला डेस्कटॉप परत दिसायला हवा. '.बॅक' असलेले नाव एकटेच असेल, तर त्यातील '.बॅक' काढून हे आकडे शून्य करणे पुरेसे आहे.

एवढे करूनही खाते उघडले नाही, तर 'एनटीयूजर.डॅट' फाइलच बिघडलेली आहे. नवे खाते तयार करून जुन्या फोल्डरातील कागदपत्रे त्यात हलवावीत. त्यातही फॉरमॅटचा संबंध येत नाही. आणि यूपीएसची बॅटरी बदलून घ्या. वीज गेल्यावर यूपीएसने पाच मिनिटेही तग धरला नाही, म्हणूनच ही वेळ आली. रोजच्या प्रतीची हार्ड डिस्क दुकानाच्या तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ च्या महापुरात मूळ संगणक आणि त्याची प्रत एकाच कपाटात भिजलेली मी पाहिली आहे.

प्रश्न : आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये प्रिंटर आतल्या खोलीतील संगणकाला यूएसबीने जोडलेला आहे आणि काउंटरवरील विंडोज ७ च्या संगणकावरून रिपोर्ट त्यावर छापले जात. आतला संगणक अपडेट झाल्यापासून '०एक्स०००००११बी' हा एरर येतो. व्हिडिओत रजिस्ट्रीतील एक आकडा शून्य करायला सांगतात. करावा का? (मिरज)

उत्तर : तो उपाय चालतो, पण तो काय करतो हे जाणून मगच निर्णय घ्यावा. विंडोजच्या छपाई यंत्रणेत एक उणीव सापडली होती. तिचा फायदा घेऊन नेटवर्कवरील दुसरा संगणक खोट्या ओळखीने प्रिंटरच्या संगणकाशी बोलू शकत होता. २०२१ च्या जानेवारीत त्यावर दुरुस्ती आली आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून ती सक्तीची झाली. तेव्हापासून प्रिंटरचा संगणक समोरच्याकडून अधिक कडक ओळख मागतो. विंडोज ७ ची मोफत अपडेट १४ जानेवारी २०२० रोजीच थांबली, त्यामुळे काउंटरवरच्या संगणकाला ती ओळख देताच येत नाही. भांडणाचे मूळ एवढेच आहे.

व्हिडिओतील उपाय प्रिंटर ज्याला जोडला आहे त्या, म्हणजे आतल्या संगणकावर करायचा असतो; बरेच लोक तो काउंटरवर करतात आणि उपयोग होत नाही म्हणून वैतागतात. 'एचकी लोकल मशीन', 'सिस्टम', 'करंटकंट्रोलसेट', 'कंट्रोल', 'प्रिंट' या कप्प्यात ३२ बिटची 'डीवर्ड' नोंद तयार करायची. विंडोज ६४ बिटची असली, तरी नोंद ३२ बिटचीच. तिचे नाव 'आरपीसीऑथनलेव्हलप्रायव्हसीएनेबल्ड'. ते सलग लिहायचे आणि त्यातील 'ऑथन'चे स्पेलिंग ए-यू-टी-एच-एन आहे; शेवटचा 'एन' राहिला, तर विंडोज त्या नोंदीकडे पाहतही नाही आणि चूकही दाखवत नाही. आकडा शून्य ठेवून 'प्रिंट स्पूलर' ही सर्व्हिस रिस्टार्ट केली की छपाई सुरू होते.

पण आपण शून्य लिहिता, म्हणजे ती दुरुस्ती बंद करता. रुग्णांचे अहवाल ज्या संगणकात आहेत, त्याच्या दाराची कडी काढून ठेवण्यासारखे हे आहे, आणि लॅबचे वायफाय बाहेर बसलेल्या नातेवाइकांनाही दिलेले असेल, तर मी हे मुळीच करणार नाही. प्रिंटरला नेटवर्कच्या वायरची सोय असल्यास त्याला कायमचा आयपी पत्ता द्या आणि दोन्ही संगणकांवर तो थेट जोडा. मग मधला संगणक बाजूला होतो आणि हा एरर उद्भवतच नाही. तशी सोय नसेल, तर काउंटरचा संगणक बदलणे हाच खरा उपाय आहे. तोपर्यंतचे चार-आठ दिवस अडचण भागवण्यासाठी शून्य लिहिलेच, तर वहीत लिहा आणि नवा संगणक येताच ती नोंद काढा.

प्रश्न : मी पतसंस्थेत काम करतो. संगणकाला पेन ड्राइव्ह लावला, तर तो दिसतच नाही. 'यूएसबीस्टोर' नावाच्या कप्प्यात 'स्टार्ट'चा आकडा ४ आहे, तो ३ केला की चालतो, असे कळले. (तासगाव)

उत्तर : आपल्याला कळलेले बरोबर आहे, ४ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे गरजेनुसार चालू. पण हा आकडा सहसा आपोआप ४ होत नाही. खातेदारांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून संस्थेने तो मुद्दाम तसा ठेवलेला असण्याची शक्यता मोठी आहे. व्यवस्थापकांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका.

घरच्या संगणकावर पेन ड्राइव्ह दिसतो, पण 'राइट प्रोटेक्टेड' म्हणून काही लिहू देत नाही, ही तक्रार वेगळी आहे. तिथे प्रिंटरच्या उत्तरात आलेल्या 'कंट्रोल'मधील 'स्टोरेजडिव्हाइसपॉलिसीज' या कप्प्यात 'राइटप्रोटेक्ट' १ असेल, तर शून्य करावे. हा कप्पाच नसेल, तर बहुधा रजिस्ट्रीचा दोष नाही. पेन ड्राइव्ह झिजल्यावर आतील माहिती सुरक्षित राहावी म्हणून तो स्वतःच लिहिणे बंद करतो. अशा वेळी त्यातले सगळे लगेच दुसरीकडे उतरवून घ्यावे.

प्रश्न : आमचे झेरॉक्स आणि डीटीपीचे दुकान आहे. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह दिवसभर लागतात. आता टास्क मॅनेजर उघडत नाही आणि रेजएडिट उघडायला गेल्यास 'ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केले आहे' असे येते. ॲडमिनिस्ट्रेटर तर मीच आहे. (जत)

उत्तर : आपल्या नावाने हे दुसऱ्याने केले आहे. काही व्हायरस स्वतःला थांबवता येऊ नये म्हणून 'एचकी करंट यूजर'मधील 'सॉफ्टवेअर', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'करंटव्हर्जन', 'पॉलिसीज', 'सिस्टम' या कप्प्यात 'डिसेबलटास्कएमजीआर' आणि 'डिसेबलरजिस्ट्रीटूल्स' या दोन नोंदी १ करून ठेवतात. या नोंदी काढल्या की दोन्ही गोष्टी उघडतात. पण व्हायरस जिवंत असताना त्या काढल्या, तर तो काही क्षणांत त्या पुन्हा लिहितो. म्हणून आधी विंडोज सिक्युरिटीमधून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. त्यात संगणक रिस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला जागा मिळत नाही.

रेजएडिट आपल्या खात्यात बंद आहे, म्हणून ॲडमिनिस्ट्रेटर हक्क असलेल्या दुसऱ्या खात्यातून आत या. तेथे रेजएडिटमध्ये 'एचकी यूजर्स' निवडून 'फाइल' मेनूतील 'लोड हाइव्ह'ने आपल्या फोल्डरातील 'एनटीयूजर.डॅट' उघडा, त्याला काहीही नाव द्या, त्यातील या दोन नोंदी काढा. मग न विसरता 'अनलोड हाइव्ह' करा. तसे न करता आपल्या खात्यात शिरायला गेलात, तर ती फाइल अडकलेली राहील आणि वरच्या दिवाणजींसारखा कोरा डेस्कटॉप समोर येईल.

यानंतर 'एचकी लोकल मशीन' आणि 'एचकी करंट यूजर' या दोन्ही मुख्य विभागांतील याच 'करंटव्हर्जन'खालचा 'रन' हा कप्पा उघडून पाहा. संगणक चालू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची नावे त्यात असतात. अनोळखी नाव दिसले, आणि विशेषतः त्याचा पत्ता 'टेंप' किंवा 'ॲपडेटा' फोल्डरातला असला, तर त्याची चौकशी करा. 'ॲपडेटा'तील प्रत्येक नोंद वाईट नसते, म्हणून न तपासता पुसू नका.

प्रश्न : मी मुद्रितशोधनाचे काम करतो. मराठी आणि इंग्रजी असे दोनच कीबोर्ड हवे असताना हिंदीचा कीबोर्ड काढला तरी परत येतो आणि विंडोज-स्पेस दाबताना तोच मध्ये येतो. तसेच नव्या संगणकात मंगल फॉन्ट नाही. तो रजिस्ट्रीतून आणता येतो का? (वाई)

उत्तर : कीबोर्डसाठी आधी सेटिंगमधील भाषांच्या यादीत हिंदी पुन्हा जोडा आणि मग काढा, अडकलेली नोंद पुष्कळदा एवढ्यानेच सुटते. न सुटल्यास 'एचकी करंट यूजर'मधील 'कीबोर्ड लेआउट' आणि त्यातील 'प्रीलोड' हा कप्पा उघडा. त्यात १, २, ३ अशा क्रमाने आठ स्थानांचे आकडे असतात. शेवटची चार स्थाने भाषा सांगतात : '०४४ई' म्हणजे मराठी, '०४३९' म्हणजे हिंदी, '०४०९' म्हणजे अमेरिकी इंग्रजी आणि '४००९' म्हणजे भारतीय इंग्रजी. हिंदीची ओळ काढा आणि क्रमांकांत खंड पडू देऊ नका. २ गेला असेल, तर ३ चे नाव बदलून २ करा. क्रमांक १ ला असलेला कीबोर्ड आधी येतो, त्यामुळे मराठी आधी हवी असल्यास ती तेथे ठेवा. लॉगआउट करून परत आल्यावर बदल दिसतो. लॉगिनच्या पडद्यावर मात्र हिंदी दिसतच राहिली, तर 'एचकी यूजर्स'मधील '.डिफॉल्ट' या विभागातही हाच कप्पा आहे, तो पाहा.

मंगलसाठी रजिस्ट्रीची गरज नाही. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट मूळ संचात न देता वेगळे ठेवले आहेत आणि देवनागरीसाठी 'निर्मला यूआय' दिला जातो. सेटिंगमधील 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' शोधून जोडा, जुन्या फाइली पूर्वीच्याच पानांवर बसतील.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या फाइलींची प्रत घेताना 'नाव फार लांब आहे' असा एरर येतो. नावे तर लहानच आहेत. (कोरेगाव तालुका)

उत्तर : नावे आपल्या डोळ्यांना लहान आहेत, विंडोजला नाहीत. ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलीच्या शेवटापर्यंतच्या सगळ्या पत्त्याला २६० चिन्हांची मर्यादा आहे आणि देवनागरीत प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातील न दिसणारा पायमोडका हलन्त वेगळा मोजला जातो. 'महाराष्ट्र' वाचताना आपण चार अक्षरे मोजतो. विंडोज दहा मोजते. 'मासिक सभा इतिवृत्त' यात नऊ अक्षरे आणि दोन मोकळ्या जागा आहेत, आणि त्याची किंमत १८ होते. असे पाच-सहा फोल्डर एकात एक गेले की मर्यादा जवळ येते.

'कंट्रोल'मधील 'फाइलसिस्टम' कप्प्यात 'लाँगपाथ्सएनेबल्ड' १ केल्यास ही मर्यादा उठते, असे सांगितले जाते. २०१६ मधील विंडोज १० पासून ही सोय आहेही. पण तिचा लाभ ती सोय ओळखणाऱ्या प्रोग्रॅमनाच मिळतो आणि आपण ज्यातून प्रत घेता त्या फाइल एक्सप्लोररला मिळत नाही. तेव्हा रजिस्ट्री तशीच राहू द्या आणि वरच्या फोल्डरांची नावे आखूड करा. वर्ष आणि गावाचे नाव प्रत्येक पातळीवर पुन्हा लिहिण्याची सवय सोडली, तरी पुरते.

प्रश्न : रजिस्ट्रीत बदल करून जुना संगणक वेगवान होतो का? (विद्यार्थी, कराड)

उत्तर : होत नाही. मेनू किती मिलिसेकंद थांबून उघडावा हे सांगणाऱ्या 'मेनूशोडिले' या नोंदीचा आकडा ४०० वरून १०० केल्यास मेनू सेकंदाच्या तीन-दशांश आधी उघडतो, एवढाच फरक पडतो. जुनी फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. जो वेग आपण शोधत आहात, तो तिच्यात आहे.

प्रश्न : एका व्हिडिओप्रमाणे 'विनलॉगऑन'मधील 'शेल' नोंद बदलली. आता लॉगिननंतर काळा पडदा आणि माउसचा बाण एवढेच दिसते. मित्र म्हणतो, 'रेगबॅक' फोल्डरातील फाइली मूळ जागी टाकल्या की रजिस्ट्री पूर्ववत होते. (पलूस)

उत्तर : ते करू नका, आणि केले नसेल तर मला फार बरे वाटेल. विंडोज पूर्वी रजिस्ट्रीची एक प्रत 'रेगबॅक'मध्ये आपोआप ठेवत असे. २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ती प्रथा बंद करण्यात आली. फोल्डर आणि फाइलींची नावे तशीच राहिली, पण बहुतेक संगणकांत त्यांचा आकार शून्य आहे. त्या कोऱ्या फाइली मूळ फाइलींवर टाकल्या, तर आत्ता निदान लॉगिनपर्यंत येणारा संगणक तेवढाही येणार नाही.

आपली अडचण त्यापेक्षा पुष्कळ लहान आहे. 'शेल' ही नोंद लॉगिननंतर डेस्कटॉप उभा करणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव सांगते आणि ते नाव चुकले आहे, एवढेच झाले आहे. काळ्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यातून नवे काम सुरू करण्याचा पर्याय निवडून रेजएडिट चालवा. मग 'एचकी लोकल मशीन', 'सॉफ्टवेअर', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज एनटी', 'करंटव्हर्जन', 'विनलॉगऑन' येथे जा. 'शेल'मध्ये केवळ 'एक्सप्लोरर.ईएक्सई' असायला हवे. पत्ता नको, अवतरणचिन्हे नकोत. 'एचकी करंट यूजर'मध्येही याच पत्त्यावर 'शेल' नोंद केलेली असेल, तर ती काढून टाका, कारण ती असेपर्यंत विंडोज मूळ नोंद वाचत नाही.

टास्क मॅनेजरही उघडला नाही, तर संगणक चालू होताना सलग तीनदा बंद केल्यास दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तेथून 'सिस्टम रिस्टोर' करता येते, अर्थात आधी रिस्टोर पॉइंट (पूर्वीच्या स्थितीची जपून ठेवलेली नोंद) केलेला असेल तर. नव्या लॅपटॉपवर याच वेळी बिटलॉकरची (डिस्कवरील माहितीला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी की मागितली जाते. ती पुष्कळदा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते, म्हणून त्या खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा.

'विनलॉगऑन' उघडलेच आहे, तर त्यातील 'यूजरइनिट' ही नोंदही वाचून घ्या. तिच्यात सी ड्राइव्हवरील विंडोजच्या 'सिस्टम३२' फोल्डरातील 'यूजरइनिट.ईएक्सई'चा पत्ता आणि त्यानंतर एक स्वल्पविराम असतो. हा स्वल्पविराम मूळ नोंदीचाच भाग आहे. कोणाची तरी टायपिंगची चूक समजून तो पुसू नका.